घाटरस्त्यावर घोडा समोर आला तर

वाचकाचे पत्र: मी पुण्यात नोकरी करतो. सुटीच्या दिवशी आम्ही दहा-बारा मित्र मोटारसायकलवरून सह्याद्रीत भटकायला जातो. गेल्या डिसेंबरमध्ये ताम्हिणी घाटातून माणगावच्या दिशेने उतरताना एका वळणापलीकडे धनगरांचे बिऱ्हाड आमच्याच दिशेने चालले होते. तीन तट्टे होती, त्यांवर भांडीकुंडी, घोंगड्या, कोंबड्या आणि कोकरे लादलेली होती, आणि एक बाई त्यांचे दोर धरून चालत होत्या. आमच्यापैकी पुढच्या दोघांनी हॉर्न वाजवून वेग कमी न करता त्यांना अगदी जवळून ओलांडले. मधले तट्टू बुजले, त्या बाई ओढल्या जाऊन पडल्या, त्यांचा तळहात सोलवटला, गुडघा फुटला आणि भांडी रस्ताभर पसरली. आम्ही थांबलो, परंतु वादावादी झाली. आमच्यातले काही जण म्हणाले की गाडीचा धक्का लागलेलाच नाही, रस्ता वाहनांसाठी आहे आणि लग्नाच्या वरातीत घोडा फटाकेसुद्धा सहन करतो, मग मोटारसायकलला त्याने का बुजावे? आम्ही देऊ केलेले पैसे त्या कुटुंबाने घेतले नाहीत. मला तेव्हापासून चैन नाही. आमचे चुकले का? असा प्रसंग पुन्हा आला, विशेषतः कच्च्या वाटांवर, तर नेमके कसे वागावे?

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ देतो. होय, चूक तुमच्या गटाचीच होती, आणि धक्का लागला नाही या सबबीने ती कमी होत नाही. घोड्याच्या बाबतीत बहुतेक अपघात धक्क्याविनाच होतात. वाहन निघून जाते, घोडा उसळतो, आणि इजा होते ती त्याचा दोर धरणाऱ्या किंवा त्याच्यावर बसलेल्या माणसाला. म्हणून आपले वाहन किती अंतरावरून गेले एवढाच हिशेब पुरत नाही. त्याच्या जाण्याने घोड्याने काय केले, हेही चालकाच्या जबाबदारीत येते.

रस्ता वाहनांसाठी आहे, हे म्हणणे कायद्यालाही मान्य नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ यातील कलम १३२ तुमच्या गटातील प्रत्येकाने एकदा वाचावे. जनावर सांभाळणाऱ्या व्यक्तीला आपले जनावर आवरेनासे झाले आहे, किंवा वाहनाला बिचकून ते आवरेनासे होईल, अशी भीती वाटली आणि तिने थांबायला सांगितले, तर चालकाने वाहन उभे केले पाहिजे आणि आवश्यक तेवढा वेळ उभेच ठेवले पाहिजे, असे ते कलम सांगते. जनावर या शब्दात तेथे घोडा, खेचर आणि गाढव यांच्यापासून गुरे, उंट, हत्ती, मेंढ्या आणि बकऱ्यांपर्यंत सगळे येतात. म्हणजे घाटात एखाद्या धनगर बाईने हात वर केला, तर तो हात मानणे ही तुमची मेहेरबानी नसते. ते तुमचे कर्तव्य असते. त्याच अधिनियमाचे कलम १३४ अपघातात जखमी झालेल्या व्यक्तीला वैद्यकीय मदत मिळवून देण्याची आणि पोलिसांना कळवण्याची जबाबदारी चालकावर टाकते. रस्त्यात उभे राहून नोटा पुढे करणे, आणि तेही वाद घातल्यानंतर, ही त्या जबाबदारीची भरपाई नव्हे. त्या कुटुंबाने पैसे नाकारले याचे मला आश्चर्य वाटत नाही. माणगावपर्यंत त्या बाईंना दवाखान्यात नेण्याची तयारी तुम्ही दाखवली असती आणि तोवर तुमच्यापैकी चौघांनी भांडी गोळा करून बोजा पुन्हा बांधायला हात लावला असता, तर प्रसंग वेगळ्या रीतीने संपला असता.

आता घोडा का बुजतो, याकडे वळू, कारण ते एकदा नीट समजले की काय करावे हे बहुतांशी आपोआप सुचते. घोडा हे शिकार होणारे जनावर आहे. शिंगे नाहीत, नख्या नाहीत, आणि जगण्याचा मुख्य उपाय म्हणजे पळ. धोका खरा की खोटा याची शहानिशा तो पळाल्यानंतर, काही अंतरावर थांबून, मागे वळून करतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चौफेर दिसते, परंतु शेपटीच्या थेट मागचा पट्टा आणि कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग त्याच्या नजरेबाहेर राहतो. तुमचे मित्र नेमके त्या मागच्या आंधळ्या पट्ट्यातून आले. त्याला आधी केवळ आवाज आला, त्या आवाजाचा उगम दिसला नाही, आणि मग क्षणार्धात एका डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी मोठे आणि वेगवान उगवले. या क्रमाने आलेली कोणतीही गोष्ट त्याच्या लेखी झडप घालणाऱ्या श्वापदासारखीच असते.

घोडा काय करणार आहे हे तो आधी सांगतो, आणि ते सर्वांत आधी त्याच्या कानांवरून कळते. त्याचा प्रत्येक कान स्वतंत्रपणे मागेपुढे फिरतो. बिऱ्हाडामागून शांतपणे येणाऱ्या माणसाला दिसते की एक कान दोर धरणाऱ्याकडे आहे आणि दुसरा मागच्या आवाजाकडे वळला आहे. इथवर ठीक असते, कारण त्याने तुमची दखल घेतली आहे आणि आपल्या माणसाचेही तो ऐकतो आहे. परंतु दोन्ही कान एकाच दिशेला ताठ रोखले गेले, मान उंचावली, नाकपुड्या फुलल्या, चालता चालता पाय अडखळले किंवा मागचा भाग आखडून तो तिरपा चालू लागला, तर पुढच्या एक-दोन सेकंदांत तो उसळू शकतो. फुरफुरणे आणि डोळ्यातला पांढरा भाग दिसू लागणे ही त्याहून पुढची पायरी. या खुणा दिसताच गाडी जिथे असेल तिथे उभी करावी. आणखी थोडे पुढे सरकून, मग थांबू, असा विचार करण्यासाठी तेव्हा वेळ उरलेला नसतो.

वरातीच्या घोडीचा दाखला तुमच्या मित्रांनी दिला, आणि तो वरवर पाहता पटण्याजोगा आहे, म्हणून त्याचे नीट उत्तर द्यायला हवे. वरातीतली घोडी गर्दीत, अतिशय संथ गतीने, ओळखीच्या माणसाच्या हातात आणि पुष्कळदा डोळ्यांवर झापडे लावून चालवली जाते. तो गोंगाट तिला वर्षानुवर्षे, थोडाथोडा करून सवयीचा केलेला असतो. (आणि तरीही वरातीत घोड्या उधळतात.) घोड्याचे शिक्षण एका परिस्थितीतून दुसऱ्या परिस्थितीत सहजासहजी जात नाही. ट्रक रोज पाहणारे तट्टू ट्रकला मान वळवूनही पाहत नाही, पण मोटारसायकलच्या मागे फडफडणाऱ्या झेंड्याला किंवा वाऱ्याने फुगलेल्या रेनकोटला दचकते. धनगराच्या तट्टाची गोष्ट आणखी निराळी आहे. ते सवारीसाठी शिकवलेले नसते, तोंडात लगाम नसतो, बहुधा दोराची साधी मोरखी असते, आणि पाठीवर हलता, वाजता बोजा असतो. ते एकदा उसळले की पाठीवरची पातेली खणखणतात, त्या आवाजाने ते अधिक बिथरते, आणि बोजा सुटून पायांत आला तर मग ते कोणालाच आवरत नाही.

त्या बाई का पडल्या, हेही समजून घ्या. घोडा नेणारा माणूस प्रथेनुसार त्याच्या डाव्या अंगाला चालतो आणि उजव्या हातात दोर धरतो. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या कडेने चालायचे म्हटले, तर माणूस कडेला आणि घोडा वाहनांच्या बाजूला अशी रचना होते. वाहन उजवीकडून जवळून गेले की घोडा त्याच्यापासून दूर, म्हणजे डावीकडे, म्हणजे थेट त्या माणसाच्या अंगावर उडी घेतो. दोर तळहातात घट्ट धरलेला असतो, कारण ते जनावर हे त्या कुटुंबाचे चालते घर आहे आणि दोर सोडणे त्यांच्या मनातही येत नाही. बाईंचा तळहात सोलवटला तो त्यामुळे.

यावरून पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम निघतो. ओलांडायचे की नाही, कधी आणि कोणत्या बाजूने, हे घोडा धरणारी व्यक्ती ठरवील. आपण ठरवायचे नाही. त्या जनावराचा स्वभाव तिला ठाऊक असतो, पुढे रस्ता कुठे रुंद आहे हेही तिला पुष्कळदा आपल्याहून चांगले ठाऊक असते, आणि परिणामही तिलाच भोगावा लागतो.

मागून येत असाल तर घोडा दृष्टीस पडताच वेग उतरवा आणि हॉर्नला हात लावू नका. निदान पंचवीस-तीस मीटर मागे राहून त्यांच्याच चालीने, कमी आणि एकसारख्या आवाजात गाडी चालवा. काही जण अशा वेळी गाडी न्यूट्रल करून उतारावरून निःशब्दपणे जवळ येतात; हेतू चांगला असला तरी हे करू नये, कारण आवाजाविना अचानक शेजारी उगवणारी वस्तू घोड्याला जास्त भिवविते. विजेवर चालणाऱ्या दुचाकींच्या बाबतीत हा धोका कायमचाच आहे. त्यापेक्षा माणसाच्या आवाजात, ओरडल्यासारखे न करता, हाक द्यावी: “मावशी, मागनं गाडी आहे, सावकाश जाऊ का?” एवढ्याने पुष्कळ काही साधते. त्या बाईंना तुमची चाहूल लागते, त्या घोड्याला आत घेतात किंवा स्वतः त्याच्या डोक्यापाशी येऊन उभ्या राहतात, आणि घोड्यालाही कळते की मागचे ते जे काही आहे, त्यातून माणसाचा आवाज येतो आहे. हेल्मेटची काच वर केलेली असावी. काळ्या काचेआडचा चेहरा घोड्याला चेहरा म्हणून ओळखू येत नाही.

खूण मिळाली की, आणि खूण मिळाल्यावरच, जेवढे लांबून जाता येईल तेवढे लांबून, चालण्याहून थोड्याच अधिक वेगाने पुढे जावे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ मध्ये झालेल्या सुधारणेनुसार घोड्याला ओलांडताना वाहनाचा वेग ताशी दहा मैलांच्या, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरच्या, आत असावा आणि मध्ये किमान दोन मीटर अंतर असावे असे सांगितले आहे. आपल्या घाटांत दोन मीटरची जागा नेहमी मिळत नाही. जिथे ती मिळत नाही तिथे ओलांडू नये, रस्ता रुंदावेपर्यंत मागे थांबावे, एवढाच त्याचा अर्थ. घोड्याच्या मागच्या पायांची लाथ बाजूलाही लांबवर पोहोचते आणि तो कंबर फिरवून आडवा होऊ शकतो, हे लक्षात ठेवले म्हणजे हे अंतर जास्त वाटत नाही. घोडीबरोबर शिंगरू मोकळे चालत असेल तर त्या दोघांच्या मधून चुकूनही जाऊ नका. आणि बहुतेक जण जिथे घाई करतात ती जागा म्हणजे ओलांडून झाल्यानंतरची. सुटलो एकदाचे, असे वाटून तिथेच रेस दिली की इतका वेळ शांत राहिलेला घोडा त्या आवाजाने उसळतो. पन्नास-साठ मीटर पुढे जाईपर्यंत आवाज वाढवू नये.

समोरून घोडा येत असेल तर गोष्ट सोपी आहे, कारण तो तुम्हाला पाहत असतो. दुरूनच रस्त्याच्या कडेला गाडी उभी करा, इंजिन बंद करा, काच वर करा आणि त्याला जाऊ द्या. उभे असताना दोन शब्द बोलत राहावे. पुतळ्यासारखा निश्चल आणि मुका माणूस घोड्याला संशयास्पद वाटतो. दिवा मंद प्रकाशावर ठेवावा. २०१७ पासून विकल्या गेलेल्या दुचाकींचा दिवा इंजिन चालू असेपर्यंत जळतच राहतो, म्हणून इंजिन बंद करणे हाच तो विझवण्याचाही उपाय आहे. घाटात एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला दरी असते, तेव्हा सुरक्षित जागा असेल तर आपण दरीच्या बाजूला थांबावे आणि घोड्याला डोंगराची बाजू द्यावी. तो दचकला तर तुमच्यापासून दूर, म्हणजे डोंगराकडे सरकेल. उलट झाले तर तो, त्याचा बोजा आणि त्याला धरणारा माणूस यांना कठड्याकडे ढकलण्यासारखे होते. दरीकडची कडा ठिसूळ असेल तर मात्र हा हट्ट न धरता घोडा धरणाऱ्यालाच विचारावे आणि तो सांगेल तिथे उभे राहावे.

तुमच्या गटाबद्दल मला अधिक काळजी वाटते, कारण एकटा चालक जे सहज पाळतो ते दहा जणांच्या रांगेत हमखास मोडते. पहिला हळू जातो, दुसरा हळू जातो, आणि मागे पडलेला नववा, आपण सुटू नये म्हणून, वळणावरून गाडी पिळत येतो. घोडा नेमका त्याला बुजतो. म्हणून निघण्यापूर्वीच ठरवून ठेवा की पुढच्याने हात वर केला की सगळ्यांनी एकामागे एक थांबायचे, कोणी शेजारी येऊन उभे राहायचे नाही, आणि कोणी उभ्या गाडीला रेस द्यायची नाही. पुढच्या चालकाने घोडा धरणाऱ्याला मागे आणखी किती गाड्या आहेत ते बोटांनी दाखवावे किंवा सांगावे, म्हणजे दोन गाड्या गेल्यावर संपले असे समजून तो दोर सैल सोडणार नाही. शेवटच्या चालकाने जाताना, आता कोणी नाही, असे सांगून जावे. ओलांडून पुढे गेलेल्यांनी मागच्यांची वाट दिसेल अशा जागी थांबावे, म्हणजे कोणालाही गाठण्यासाठी धावावे लागत नाही. बिऱ्हाडामागे मेंढरांचा कळप असेल तर या सगळ्याला सुट्टी: इंजिन बंद करून उभे राहावे आणि कळप गाडीच्या दोन्ही अंगांनी वाहून जाऊ द्यावा. त्यात पाच मिनिटे जातात.

गाड्यांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे लिहितो, ती तुमच्या काही मित्रांना आवडणार नाही. मूळ सायलेन्सर काढून बसवलेले मोठ्या आवाजाचे नळकांडे नियमांत बसत नाहीच, परंतु घोड्याच्या दृष्टीने त्याचा खरा त्रास वेगळाच आहे. उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की त्यातून फटाक्यासारखे फट् फट् आवाज निघतात. म्हणजे चालक सावधपणे वेग कमी करत असतो तेव्हाच त्याची गाडी सर्वांत जास्त भेदरवणारा आवाज काढत असते, आणि त्याच्या चांगल्या वागण्याचा काहीही उपयोग होत नाही. ते बदला. कर्णकर्कश हॉर्न काढा. हँडलवरचे झेंडे, सामानावरची सैल ताडपत्री, वाऱ्याने फडफडणारे पट्टे आवळून बांधा.

कच्च्या वाटांवर हे सर्व लागू होतेच, आणि त्यात वाट वाचण्याची भर पडते. धुळीत नालांचे ताजे ठसे, ओलसर लीद, चुरगळलेले गवत दिसले की पुढच्या वळणाआड घोडा आहे असे धरूनच चालावे. लीद वाळून फिकी झाली असेल तर बिऱ्हाड कालचे. काळपट हिरवी आणि ओली असेल तर ते जवळच आहे. एकेरी वाटेवर जेवढे पुढचे दिसते त्याच्या निम्म्या अंतरात गाडी थांबली पाहिजे, कारण समोरचाही तेवढेच अंतर चालून येत असतो, आणि घोड्याला ब्रेक नसतो. वाट अरुंद असेल तर मागे फिरून रुंद जागी जाणे हे मोटारसायकलवाल्याचे काम आहे. बोजा लादलेले तट्टू अवघड उतारावर उलटे फिरवणे किती धोक्याचे असते याची कल्पना ते एकदा जवळून पाहिल्याशिवाय येत नाही. ओलांडण्यासाठी वाट सोडून सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, गवतातून गाडी घालू नये. तेथे तो चारा असतो, आणि त्याच चाऱ्यासाठी ती माणसे इतके चालत आलेली असतात. पाणवठ्यापाशी जनावरे पीत असतील तर ती पिऊन बाजूला होईपर्यंत दूरच थांबावे.

थंड हवेच्या ठिकाणांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. पाचगणीच्या टेबल लँडकडे जाताना किंवा महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी जे घोडे दिसतात ते वाहनांना सरावलेले असतात, परंतु त्यांच्यावर बसलेले लोक घोड्याला मुळीच सरावलेले नसतात. आयुष्यात प्रथमच खोगिरावर बसलेले सात-आठ वर्षांचे मूल, रिकिबीपर्यंत न पोहोचणारे त्याचे पाय, आणि शेजारून धावणारा घोडेवाला, असे दृश्य तेथे नेहमीचे आहे. घोडा नुसता एक पाऊल बाजूला सरकला तरी ते मूल खाली येईल. तेथे घोडा किती शांत आहे हे पाहून वेग ठरवू नका, वर कोण बसले आहे ते पाहा. माथेरानला दस्तुरी नाक्यापुढे खासगी वाहनांना बंदीच आहे, त्यामुळे प्रश्न उरतो तो फक्त नाक्यापर्यंतच्या चढाचा आणि वाहनतळाचा. तेथे घोडे उभे असतात, गाडी शांतपणे लावावी.

वर्षातले काही दिवस असेही असतात की जेव्हा मोठ्या रस्त्यांवरही घोडे असणार हे आधीच ठाऊक असते. दत्तजयंतीच्या सुमारास नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो, आणि तेव्हा त्या परिसरातील रस्त्यांवरून नवखे, नुकतेच विकत घेतलेले, नव्या मालकाच्या हाताची सवय नसलेले घोडे चालवत नेले जातात. आषाढीच्या वारीआधी माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून आळंदीपर्यंत पायी येतात. अशा दिवशी त्या मार्गावर जायचेच असेल तर वेळ हाताशी ठेवून निघावे.

घोडा उधळलाच, तर काय करू नये ते आधी सांगतो: त्याच्या मागे गाडी काढू नका. मागून येणाऱ्या इंजिनाने तो आणखी धावतो आणि रस्ता संपेपर्यंत धावत राहतो. सर्वांनी इंजिने बंद करावीत. दोघांनी पायी पुढच्या आणि मागच्या वळणावर जाऊन येणारी वाहने थांबवावीत. सुटलेला घोडा पुष्कळदा आपल्या सोबतच्या जनावरांकडे परत येतो, त्यामुळे उरलेली तट्टे शांत राहतील हे पाहणे हाच त्याला परत आणण्याचा चांगला मार्ग ठरतो. तो आला तर हात पसरून, ओरडत त्याच्या आडवे जाऊ नका. त्याच्या माणसाला त्याला धरू द्या. कोणाला लागले असेल तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवा, आणि डोक्याला, मानेला किंवा पाठीला मार असल्याचा संशय असेल तर ती येईपर्यंत त्या व्यक्तीला हलवू नका. जनावर जखमी असेल तर पशुवैद्यकीय मदतीसाठी १९६२ हा क्रमांक आहे. घाटात मोबाइलला रेंज नसेल तर एकाला खाली पाठवा आणि बाकीच्यांनी तेथेच थांबावे.

त्या कुटुंबाला तुम्ही आता शोधावे का, असे तुम्ही विचारलेले नाही, पण पत्राच्या सुरावरून ते तुमच्या मनात असावे. शोधावे असे मला वाटते. मेंढपाळांचे वाडे, म्हणजे मुक्कामाचे तळ, ठरलेल्या पट्ट्यांत, बहुधा ओळखीच्या शेतकऱ्यांच्या रानात बसतात, कारण मेंढरे बसवल्याने शेताला खत मिळते आणि शेतकरी त्याचा मोबदला देतो. घाटाखालच्या गावांतल्या चहाच्या टपरीवर विचारले तरी पत्ता लागतो. एकटे किंवा दोघेच जा, गाडी रस्त्यावरच लावून वाड्यापर्यंत पायी जा, कारण तेथे राखणीचे कुत्रे आणि बांधलेली तट्टे असतात. कोणती भांडी गेली ते विचारा आणि ती भरून द्या, दवाखान्याचा खर्च झाला असेल तर तो द्या, आणि धक्का लागला नव्हता हे वाक्य तेथे उच्चारू नका.

या बिऱ्हाडांच्या हालचालीचा काळ साधारण ठरलेला असतो. देशावरच्या कमी पावसाच्या तालुक्यांतून, पारनेर-संगमनेरपासून फलटण-माणपर्यंत, ती दिवाळीच्या आगेमागे निघतात, घाट उतरून कोकणात किंवा मावळपट्टीत चराईला राहतात, आणि पाऊस पडण्यापूर्वी परत वर चढतात. परतीच्या वेळी कोकरे मोठी झालेली असतात, उन्हाने जनावरे थकलेली असतात आणि चढावर तट्टे सारखी थांबत असतात, त्यामुळे ओलांडायला अधिक वेळ लागतो. बिऱ्हाड बहुधा सकाळी हलते आणि ऊन चढले की कुठेतरी टेकते. तेव्हा त्या आठवड्यांत तुमच्या गटाने पहाटे घाट गाठण्याची सवय बदलून दुपारी निघावे, किंवा सकाळीच जायचे असेल तर घाटाच्या तोंडाशी चहाला थांबून, आज वर कोणाचा वाडा चढतो आहे का, हे विचारून मगच गाड्या वर घालाव्यात.